अमोनियाचं रेडीमेड वेळापत्रक: कॅम्स-ग्लोब-टेंपो भारतासाठी घ्यावं का?

कॅम्स-ग्लोब-टेंपो म्हणजे हवेच्या मॉडेलसाठी वर्षाचं एमिशन महिने-दिवस-तासांत वाटून देणारं डेटा प्रॉडक्ट, मी ते भारतातल्या शेतीच्या अमोनियासाठी तपासलंय. घाईत असाल तर निकाल आधीच सांगून टाकते. गुराढोरांच्या भागासाठी बिनधास्त घ्या, खताच्या भागासाठी डोळे झाकून घेऊ नका, आणि फक्त दिल्लीचा हिवाळा मॉडेल करायचा असेल तर ह्याच्यावर डोकं खपवायच्या आधी तुमच्या मॉडेलच्या रनमध्ये क्लोराइड आहे का ते बघा (का ते पुढे येतंच). ५ पैकी साडेतीन. फुकट आहे म्हणून अर्धा जास्त दिलाय असं समजा हवं तर.

आता हे काय प्रकरण आहे ते. हवेचं प्रदूषण मॉडेल करणाऱ्यांना एमिशनची फाइल लागते, म्हणजे कुठल्या चौकोनातून कुठला वायू किती निघतो. वर्षाचा एकूण आकडा ईडीजीएआरसारख्या इन्व्हेंटरीतून, म्हणजे एमिशनच्या नोंदवहीतून, मिळतो, ही इटलीत इस्प्राला युरोपियन कमिशनचं जे संशोधन केंद्र आहे तिथे बनते, ०.१ अंशाचं ग्रिड म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा चौकोन. पण वर्षाचा आकडा घेऊन मॉडेल चालत नाही ना, त्याला तास लागतो, निदान महिना तरी लागतो. तो वर्षाचा आकडा महिन्यांत, दिवसांत, तासांत कसा वाटायचा ह्याचे गुणक म्हणजे हे कॅम्स-ग्लोब-टेंपो, पुढे नुसतं टेंपो म्हणते. बार्सिलोनाच्या सुपरकॉम्प्युटिंग सेंटरने युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या हवा-निरीक्षण सेवेसाठी (तीच कॅम्स) बनवलंय, त्याचा पेपर २०२१ चा, जगभरासाठी एक आवृत्ती आणि युरोपसाठी वेगळी जास्त बारीक. गाड्या, वीज, घरगुती इंधन असं सगळंच त्यात आहे, मी फक्त शेतीच्या अमोनियाबद्दल बोलणार आहे कारण माझं काम तेवढंच, आणि खरं सांगायचं तर कॅलेंडर चुकलं की सगळ्यात जास्त बोंब अमोनियाचीच होते.

का, तर गाड्यांचा धूर जानेवारीत आणि जुलैत काही दसपट कमीजास्त होत नाही. अमोनियाचं तसं नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, जमिनीतलं युरीएज एंझाइम त्याचं काही दिवसांत अमोनियम करतं, आणि मग ऊन, वारा, मातीचा पीएच जसा असेल तसा त्यातला काही भाग उडून जातो. तापमान ५ अंशांनी वाढलं की उडून जायची क्षमता जवळपास दुप्पट होते. शिवाय खत काही रोज घालत नाही कुणी, हंगामात ठरावीक दिवसांत सगळा तालुका एकदम घालतो. हवेत गेल्यावर अमोनिया वायू म्हणून टिकतो काही तास ते फार तर काही दिवस, तेवढ्यात तो गंधकाच्या आणि नायट्रिक आम्लाला चिकटून पीएम२.५, म्हणजे हवेतला बारीक कण, झाला तर झाला. म्हणजे महिना चुकला तर नुसता आकडा चुकत नाही, तो ज्या आम्लाला भेटायचा ते आम्लच त्या वेळी हवेत नसतं.

युरोपवाल्यांना हे चटके बसून कळलंय. मार्च २०१४ मध्ये पॅरिसला एवढं धुरकं झालं की १७ मार्चला सम-विषम नंबरप्रमाणे गाड्या काढायचा नियम लावावा लागला, आणि त्या कणांमध्ये अमोनियम नायट्रेटचा वाटा मोठा होता, गाड्यांचं नायट्रोजन ऑक्साइड अधिक शेतातला अमोनिया. तिकडे थंडीत शेणखताची स्लरी पसरायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, मग वसंत आला रे आला की सगळे एकदम टँकर जोडून शेतात. त्यामुळे मार्च-एप्रिलचं टोक स्पष्ट, नियमांनी बांधलेलं. युरोपसाठी हे प्रॉडक्ट चांगलं का आहे ते इथेच कळतं, तिथला शेतकरी कधी काय करतो हे कागदावर आहे. आपल्याकडे तो पाऊस बघून ठरवतो.

स्पर्धेत काय आहे तेही सांगते, नाहीतर साडेतीनला अर्थ नाही. सगळ्यात जास्त वापरलं जातं ते सीईडीएस, ही पण एक इन्व्हेंटरीच, जीईओएस-केम ह्या हवेच्या रसायनाच्या मॉडेलमध्ये तेच डिफॉल्ट येतं, हवामान बदलाच्या मोठ्या मॉडेलांना पण तेच. ग्रिडच्या फाइलमध्ये शेती हा एकच सेक्टर, गोठा आणि खत एकत्र घोटलेलं, वेगळं करायची सोय नाही. आणि मोठा घोळ म्हणजे अख्ख्या भारताला महिन्यांची एकच प्रोफाइल, म्हणजे वाटपाचा एकच साचा. अख्ख्या भारताला! पंजाबचा भात, बंगालचा बोरो म्हणजे उन्हाळी भात, आपला ऊस, सगळे एकाच तारखेला खत घालणार म्हणे. २०२२ मध्ये एक पेपर आला होता, आयएएसआय आणि क्रिस ह्या दोन उपग्रह उपकरणांचे अमोनियाचे नकाशे घेऊन त्यांनी भारतीय उपखंडाचे ५ भाग पाडले, तर पूर्व भारत आणि बांगलादेशात टोक वसंतात निघालं आणि गंगेच्या मैदानाच्या पश्चिम भागात भर उन्हाळी पावसाळ्यात, जुलैच्या आसपास. आणि हवामान मॉडेलांच्या सहाव्या फेरीत वापरलेल्या ह्याच इन्व्हेंटरीत टोकं कुठे? वसंताच्या शेवटी आणि शरदात. म्हणजे परीक्षा जुलैत आणि हॉल तिकीट मे आणि ऑक्टोबरचं.

मग मासाज नावाचं एक आहे, हार्वर्डमध्ये बनलेलं, २०१४ चं. त्याचा विचार मला आवडतो, प्रत्येक पिकाचं पेरणी-वाढ-कापणीचं कॅलेंडर घेऊन खताचे हप्ते त्यावर बसवलेत. पण पावसाच्या पाण्यातलं अमोनियम मोजून त्याची दुरुस्ती केली ती अमेरिका, युरोप आणि चीनपुरती. भारत तिथे आहे पण तपासलेला नाही. चीनवाल्यांनी तर स्वतःचंच बनवलंय, पेकिंग युनिव्हर्सिटीचं, त्यात माती, तापमान, खताचा प्रकार असं सगळं धरलंय. आपल्याकडे त्या तोडीचं सगळ्यांना सहज मिळेल असं नाही, आणि हे लिहिताना जरा चिडचिड होतेच.

तर टेंपो. गोठ्याचा आणि मातीचा सेक्टर वेगळा दिलाय, पहिला गुण तिथेच. दुसरं म्हणजे गुरांचा अमोनिया प्रत्येक चौकोनाच्या त्या वर्षीच्या तापमानावर आणि वाऱ्यावर चालतो, रोजचा वेगळा. मार्चमध्ये उष्णतेची लाट आली तर त्या मार्चमध्ये आकडा चढतो, ठरलेली सरासरी घेऊन बसत नाही. विदर्भ आणि कोकण आपोआप वेगळे पडतात कारण हवामानच वेगळं. आणि गंमत अशी की हे सूत्र आपल्याला युरोपपेक्षा जास्त लागू पडावं, तिकडे डुकरं-कोंबड्या बंद, इन्सुलेशन केलेल्या शेडमध्ये असतात, आत तापमान राखलेलं. आपल्याकडे म्हैस बाभळीखाली बांधलेली, जे ऊन बाहेर तेच तिच्या मुतावर. २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल १९.२५ कोटी आणि म्हशी १०.९८ कोटी आहेत, त्यामुळे हा भाग बरोबर असणं ही लहान गोष्ट नाही.

पण तापमानावर सगळं सोडलं की मे महिना कायम पहिला येणार. मराठवाड्यात मे महिन्यात जनावर काय खातं? कडबा. वाळलेला कडबा, त्यात प्रथिनं नावाला. अमोनिया निघतो तो मुतातल्या युरियातून आणि तो युरिया येतो चाऱ्यातल्या प्रथिनांतून, हिरवा लसूणघास खाणारी गाय आणि कडब्यावरची गाय एका तापमानाला सारखा अमोनिया सोडत नाहीत. सूत्राला हे माहीत नाही. शेणाचंही तसंच, आपण स्लरीची टाकी बांधत नाही, काही उकिरड्यात जातं, काहीच्या गोवऱ्या थापल्या जातात आणि चुलीत जळतात, मूत जमिनीत मुरतं. वर्षाचा एकूण आकडाच ह्यामुळे हलतो, तो दोष टेंपोचा नाही, पण गुणायचं त्यालाच असल्यामुळे भोगायला लागतं. आणि दुष्काळ पडला तर विचारूच नका, २०१९ च्या उन्हाळ्यात बीड, सोलापूर, नगरकडे चारा छावण्यांत लाखो जनावरं एका जागी आणून बांधली होती, गुरांच्या जागतिक नकाशाला ह्याचा पत्ताही नसतो, तिथे ती आपापल्या गावी सुखात चरत असतात.

आता खत. इथे माझा सूर बदलणार. पीक-कॅलेंडरवर उभी असलेली कुठलीही महिनावार प्रोफाइल भारतात दोन ठिकाणी आपटते. एक, कॅलेंडर सरकतं. पंजाबने २००९ मध्ये भूजल वाचवायला कायदा केला की १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही, हरियाणातही तसाच कायदा झाला, पुढे ती तारीख सरकारने मागेपुढे केली. त्याआधी बरेच लोक मेमध्येच लावणी सुरू करायचे. लावणी सरकली की युरियाचे हप्ते सरकले, ते लावणीनंतरच्या सहा-सात आठवड्यांत पडतात, म्हणजे जून अखेर आणि जुलै. (पराली जाळणं नोव्हेंबरात ढकललं गेलं ते पण ह्याच साखळीत, पण तो वेगळा सेक्टर आणि वेगळी डोकेदुखी.) तर २००५ चं मॉडेल आणि २०१५ चं मॉडेल एकाच खत-प्रोफाइलवर चालवून ‘दहा वर्षांत काय बदललं’ असा आलेख कुणी दाखवला तर मी पहिला प्रश्न हाच विचारते.

दोन, आपल्याकडे सगळी पिकं एका टोकात मावत नाहीत. उसाचंच घ्या, आडसाली जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू थंडीत, वर खोडवा. प्रत्येकाचा लागणीचा डोस, मग मोठ्या बांधणीचा डोस. कोल्हापूर-सांगलीच्या चौकोनात युरिया वर्षभर कुणी ना कुणी टाकतच असतं, आणि ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना मिळत असताना हात आखडता घ्यायचं कारणही नाही. इथे एक टोकदार शिखर दाखवणारी प्रोफाइल दिसली की समजायचं बनवणाऱ्याने भात किंवा गहू धरलाय. नाशिकला द्राक्ष-कांदा म्हणजे अजून तिसरंच, ते तर कुठेच नाही.

आणि नीम कोटिंग. २०१५ पासून देशातला सगळा युरिया नीम लावलेला आहे, त्यामुळे ‘आता अमोनिया कमी झाला असेल ना’ असं कुणीतरी प्रत्येक सेमिनारला विचारतंच. निंबोळी तेल मुख्यतः अमोनियमचं नायट्रेट व्हायला उशीर लावतं, युरियाचं अमोनियम होणं त्याने फारसं थांबत नाही. उलट अमोनियम जास्त वेळ मातीत राहिलं की उडायला जास्त संधी. तेव्हा नीमच्या नावाने अमोनियावर सरसकट कात्री लावू नका.

भाताच्या शेतात तासांचाही खेळ आहे, पाण्यात शेवाळ असतं, ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, दुपारी पाण्याचा पीएच चढतो, वाफ्यातला अमोनिया तेव्हा भराभर सुटतो, रात्री शांत. बरेच जण डब्ल्यूआरएफ-केममध्ये (हे पण हवेचं मॉडेलच) अमोनिया दिवसरात्र सपाट देतात. तसं देऊ नका, टेंपोचे तासांचे गुणक काही परफेक्ट नाहीत पण सपाटपेक्षा केव्हाही बरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रॉडक्ट तपासायचं कसं. सगळे काय करतात तर आयएएसआयचा महिनावार नकाशा काढतात, एमिशनच्या आलेखाशेजारी ठेवतात, टोकं जुळली तर टाळ्या. आयएएसआय सकाळी साडेनऊला वरून जातो, क्रिस दुपारी दीडला, त्यामुळे दोघांचे आकडे वेगळे येणारच, ते समजू शकते. पण उपग्रहाला दिसतो तो हवेच्या आख्ख्या खांबातला वायुरूप अमोनिया, एमिशन नव्हे. ह्या दोन्हींच्या मधे आम्ल बसलंय. गंगेच्या मैदानात अमोनियाचा खांब जगात सगळ्यात उंच दिसतो ह्याचं एक कारण खत-गुरं आहेच, पण दुसरं कारण असं की चीनच्या मानाने त्याला पकडायला आम्ल कमी आहे आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात गरमीमुळे अमोनियम नायट्रेट टिकत नाही, मग वायू वायूच राहतो. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेच्या लोकांचा २०२१ चा पेपर ह्यावर आहे, मोझार्ट-४ मॉडेल, २०१० साल, दक्षिण आशियातली जमिनीवरची ६९ स्टेशनं आणि चीनची ३२. दोन्हीकडे एमिशन साधारण सारखं असून पूर्व आशियात खांब बुटका, कारण तिथे गंधक-नायट्रोजनची आम्लं अमोनिया गिळून कण बनवतात. आणि त्याच पेपरात जमिनीजवळचा अमोनिया मात्र मॉडेलमध्ये सगळ्या ऋतूंत मोजलेल्यापेक्षा कमी. म्हणजे वरून बघितलं तर एक निकाल, खालून बघितलं तर दुसरा.

म्हणून डिसेंबरात खांब बुटका दिसला म्हणून डिसेंबरचं एमिशन कमी असं नाही. थंडीत गव्हाच्या पहिल्या पाण्याबरोबर युरिया पडतोच, पेरणीनंतर तीन आठवड्यांनी. उडतो कमी, पण जो उडतो तो मोठ्या प्रमाणात कण होऊन बसतो. आणि जुलैत उलट अडचण, ढग. ही दोन्ही उपकरणं इन्फ्रारेडवर चालतात, त्यांना ढगातून दिसत नाही, त्यामुळे पावसाळ्यातला महिन्याचा आकडा म्हणजे मोजक्या उघडिपीच्या दिवसांचा आकडा, आणि उघडीप म्हणजेच ऊन, म्हणजेच जास्त उडणारा अमोनिया. ह्या दोन गोष्टी लक्षात घेतल्या नाहीत तर चांगल्या प्रॉडक्टला नापास कराल आणि वाईटाला पास. एमिशन मॉडेलमधून चालवा, उपग्रहाच्या वेळेला आणि बिनढगाच्या दिवसांना मॉडेलचं खांब काढा, मग तुलना करा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही.

दिल्लीच्या हिवाळ्याचं सुरुवातीला म्हटलं ते हेच. विमानतळावर आयआयटीएमचं धुक्याचं प्रयोगकेंद्र २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून चालतं, तिथल्या मोजमापांशी मॉडेल ताडून २०२३ मध्ये दाखवलं गेलं की तिथल्या हिवाळी अजैविक कणांत क्लोराइडचा वरचष्मा आहे. हे क्लोराइड येतं हायड्रोक्लोरिक आम्लातून, कचरा जाळला की ते निघतं, आणि त्याचं एमिशनच नसेल तर मॉडेलमध्ये अमोनिया वायू म्हणून भरमसाट उरतो आणि अमोनियम कमी पडतं, मग लोक म्हणतात वेळापत्रक चुकलं, डिसेंबर कापा. अरे डिसेंबर नका कापू, कचरा जळतोय तो मोजा आधी. तिथे अमोनिया मुळातच भरपूर आहे, थोडा इकडेतिकडे केला तर पीएम२.५ फार हलत नाही.

जमिनीवरची स्टेशनं म्हणाल तर अमोनियाची सरकारी मर्यादा २४ तासांना ४०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाला १०० आहे, एवढी सैल की ती ओलांडली अशी बातमी सहसा येत नाही, आणि बातमी नाही म्हणून यंत्राकडे लक्षही नाही. एका शहरातल्या एका स्टेशनचा अमोनियाचा आलेख मी बघितलाय तो आठवडेच्या आठवडे सरळ रेघ होता. अशा रेघा गाळून घ्या.

वापरायला कसं आहे? फाइली नेटसीडीएफ (ग्रिडच्या डेटाचा नेहमीचा फॉरमॅट), नीट नावं, सेक्टरचे कोड समजायला सोपे, गोठ्याचा एजीएल आणि मातीचा एजीएस. फ्रान्समधल्या एक्काड पोर्टलवर नाव नोंदवून मिळतात. दोन गोष्टी सांभाळा. कॅम्सची जी मुख्य एमिशन फाइल आहे, कॅम्स-ग्लोब-अँट, तिच्या महिन्यांच्या आकड्यांत टेंपोचा महिन्याचा गुणक आधीच बसलेला असतो, त्यावर परत महिन्याचा गुणक लावलात तर जुलै जुलैने गुणला जाईल. त्यावर दिवसाचा आणि तासाचाच लावायचा. आणि भारताची वेळ साडेपाच तास पुढे, तो अर्धा तास कुठल्याच तासाच्या डब्यात बसत नाही, तेव्हा तासांचे गुणक जागतिक वेळेत आहेत की स्थानिक वेळेत ते फाइलच्या माहितीत वाचूनच सरकवा, नाहीतर दुपारचं टोक संध्याकाळी सातला येतं आणि संध्याकाळी हवेचा थर खाली बसलेला असल्यामुळे जमिनीजवळचा आकडा उगाच फुगतो.

खताच्या भागाचं मी सध्या असं करते, गोठ्यासाठी टेंपो तसंच ठेवते आणि मातीच्या सेक्टरचा फक्त वर्षाचा आकडा घेते. महिने स्वतः वाटते, खताचं अनुदान २०१८ पासून देशभर दुकानातल्या पॉस मशीनच्या विक्रीवर जोडलंय, त्यामुळे विक्रीचे आकडे महिन्याप्रमाणे सरकारी डॅशबोर्डवर दिसतात, त्याला पिकाचं कॅलेंडर लावायचं. विक्री म्हणजे शेतात पडलं असं नव्हे, टंचाईच्या भीतीने लोक मेमध्येच गोण्या भरून ठेवतात, म्हणून पाऊस कधी पडला ते बघून थोडं पुढे सरकवावं लागतं. किती सरकवायचं ह्यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडणं चालू आहेत, माझं म्हणणं कोरडवाहूला जास्त आणि बागायतीला कमी. कुणी सातारा-सांगली पट्ट्यासाठी असं केलं असेल तर खाली लिहा, आडसालीच्या बांधणीचा डोस तुम्ही नोव्हेंबरात धरता की डिसेंबरात ते मला बघायचंय.